माझ्या ११ मुलाखती, कमिटीचे ३८४: गुणात्मक संशोधनात माणसं निवडायची कशी?

मांजराकाठ | ७ जानेवारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी पीएच.डी. करतेय. विषय आहे ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दुखण्याखुपण्याचे निर्णय कसे घेतात. दवाखान्यात कधी जायचं, कुणाला विचारायचं, पैसे कुठून उभे करायचे, ऑपरेशनला 'हो' कोण म्हणतं, हे सगळं. माझं आजोळ बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातलं. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि मागे म्हातारी माणसं न् शाळेतली लेकरं उरतात. लहानपणापासून हे बघत आलेय, म्हणून हाच विषय घेतला.

गेल्या पावसाळ्यात, तोडीच्या टोळ्या (मजुरांचे गट) गावात असताना, ११ जणींशी बोलले. एकेक मुलाखत तास-दीड तासाची, काहींकडे दोनदा गेले. गेल्या आठवड्यात प्रगती अहवालाचं सादरीकरण झालं. कमिटीतल्या एका सरांचा पहिलाच प्रश्न, "सॅम्पल साइझ किती?" मी म्हटलं, ११ झाल्यात, पंचविसेक करेन. ते म्हणाले, "लाखांत लोकसंख्या आहे. तक्त्यानुसार ३८४ लागतात." गाइड मॅडम माझ्या बाजूने बोलल्या, तरी शेरा पडलाच: 'नमुना निवडीचे समर्थन अपुरे.'

एका तासाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला मला सहा-सात तास लागतात. ३८४ जणींचं करायला बसले तर नोकरी, घर सगळं सोडावं लागेल. पण खरं सांगायचं तर सरांना उत्तर देता आलं नाही याचं कारण वेगळं आहे. ११ का, आणि ह्याच ११ का, हे माझं मलाच सांगता येत नाहीये. मामांच्या ओळखीचे एक मुकादम आहेत, त्यांनी घरं दाखवली, मी गेले. एवढंच.

कुणी गुणात्मक काम केलं असेल तर सांगा. किती जणी? कुठल्या? आणि थांबायचं कधी?

---

शेवगा | ७ जानेवारी

धागा वाचून बरं वाटलं. मी तीस वर्षं संशोधन पद्धती शिकवली, आता निवृत्त आहे. हा ३८४ दरवर्षी कुणाच्या तरी मानेवर बसायचा.

आधी त्या आकड्याचं मूळ बघा. क्रेसी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा तक्ता आहे. लोकसंख्या लाखावर गेली की आकडा ३८४ वर येऊन थांबतो, पुढे ती दहा लाख असली तरी तेवढाच. हे गणित एका विशिष्ट प्रश्नासाठी केलेलं आहे: अमुक गोष्ट किती टक्के लोकांत आहे? उत्तर ५ टक्के इकडेतिकडे झालं तरी चालेल आणि ९५ टक्के खात्री हवी, असं धरलं की ३८४ येतात. त्यालाही एक अट आहे, माणसं यादीतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, काढलेली हवीत. ओळखीने ३८४ घरं गाठली तर त्या आकड्याला काहीच आधार उरत नाही. सरांना नम्रपणे विचारा, ऊसतोड बायकांची पूर्ण यादी कुठे मिळेल?

मोजणी निरुपयोगी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न पेटला, शासनाने समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा नसता तर प्रश्नाचा आवाका कळला नसता. पण त्या १३,८६१ मधल्या एकीच्या घरी आदल्या रात्री काय बोलणं झालं, डॉक्टर नेमकं काय म्हणाला, सासू काय म्हणाली, ते त्या मोजणीत सापडणार नाही. ते तुम्हाला शोधायचंय. तुमचा प्रश्न 'कसं' आणि 'का' असा आहे, म्हणून माणसं निवडायची रीतही वेगळी.

ती रीत समजून घ्यायला ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत केलेलं काम बघा. मरणाच्या दारातला रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी यांच्यात कुणाला काय माहीत असतं, आणि त्यामुळे वागणं कसं बदलतं, हा त्यांचा विषय. ते आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात गेले आणि मग मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या, कारण तिथे रुग्णाला स्वतःच्या मरणाची जाणीव असण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. पुढे अतिदक्षता विभाग, जिथे मरण झटपट येतं. मग कर्करोगाचा वॉर्ड, जिथे ते ठरलेलं असतं पण सावकाश येतं. मग आपत्कालीन विभाग, जिथे ते कुणाच्या ध्यानीमनी नसतं. आधीच्या वॉर्डात जे कळलं त्यावरून पुढचा वॉर्ड ठरला. १९६७ मध्ये त्यांनी या रीतीची मांडणी केली आणि तिला सैद्धान्तिक नमुना निवड असं नाव पडलं.

तुमच्या ११ जणींनी तुम्हाला कुठल्या 'वॉर्डा'त पाठवलं, ते सांगा. उत्तर आलं की बारावी कोण हे आपोआप ठरेल.

---

हळदुली | ७ जानेवारी

शेवगा सर, +१. वॉर्डांचं उदाहरण उद्या आमच्या ग्रुपवर टाकते.

---

बाभूळबन | ८ जानेवारी

मी संशोधक नाही. संस्थेमार्फत साखर कारखान्यांच्या परिसरात मुलांच्या शाळेचं काम करते, बारा हंगाम झाले. मांजराकाठ, तुझ्या पोस्टमधल्या 'मुकादमांनी घरं दाखवली' या वाक्याला मी अडखळले. (तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहितेय.)

मुकादम कोण, हे तुला माहीत आहेच, पण परीक्षकांना माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. कारखान्याकडून पैसा तो आणतो, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) तो वाटतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि हंगामभर तोडून फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. आता असा माणूस स्वतः तुला दारापर्यंत घेऊन आला, तर आतली बाई तुला कुणाची माणूस समजेल? तिने तुला खोटं सांगितलं असं नाही म्हणत मी. पण काय सांगायचं नाही हे तिने उंबऱ्यावरच ठरवलेलं असणार.

दुसरं, मुकादम कुठली घरं दाखवेल? ज्यांचं त्याच्याशी बरं आहे ती. उचल बुडवून दुसऱ्या टोळीत गेलेली, भांडून आलेली, त्याने परत न नेलेली घरं तो दाखवणार नाही. तुम्ही अभ्यासातले लोक ज्याला हिमगोळा पद्धत म्हणता, एकीने दुसरीचं नाव सांगायचं, तिने तिसरीचं, ती वाईट नाही. अशा लोकांपर्यंत पोचायची दुसरी वाटही नसते बऱ्याचदा. पण गोळा एकाच टेकडीवरून सोडला तर एकाच उतारावरचा बर्फ त्याला चिकटतो. चार ठिकाणांहून सोड. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, किराणा दुकानदार, मुलांचे मास्तर. आणि कुठली बाई कुणामुळे भेटली हे वहीत प्रत्येक नावापुढे लिहून ठेव.

आणि एक विचारू? तुझ्या ११ जणींत अर्धा कोयता किती आहेत?

---

सरासरी | ८ जानेवारी

चर्चा चांगली चाललीय, पण मला पटत नसलेलं स्पष्ट लिहितो. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. यादृच्छिक निवडीचा मोठा गुण हा की संशोधकाची आवडनिवड बाजूला राहते. तुम्ही 'हेतुपूर्वक निवडलं' म्हणता तेव्हा, स्वतःचं म्हणणं सिद्ध करणाऱ्या बायकाच निवडल्या नाहीत हे वाचणाऱ्याला कसं कळावं? कमिटीतल्या सरांचा ३८४ चुकला असेल, त्यामागची शंका चुकलेली नाही.

---

शेवगा | ८ जानेवारी

सरासरी, शंका शंभर टक्के रास्त आहे आणि तिला उत्तर दिलंच पाहिजे. आमच्याकडे त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला, आपलं म्हणणं खोटं पाडू शकेल अशी माणसं मुद्दाम शोधायची. मांजराकाठला समजा असं दिसलं की ऑपरेशनचा निर्णय नवरा आणि डॉक्टर मिळून घेतात, तर तिने डॉक्टरने सांगूनही ऑपरेशन न केलेली बाई हुडकली पाहिजे. नवऱ्याचा विरोध असताना केलेलीही. अशा दोघी-तिघी भेटल्या आणि तिचं म्हणणं त्यांच्यापुढे टिकलं नाही, तर ते बदलायचं.

दुसरा उपाय, सगळी वाट लिहून ठेवायची. कुणाला विचारलं, कोण नाही म्हणालं, का म्हणालं, कुठल्या मुलाखतीनंतर प्रश्न बदलले. बाभूळबन यांनी सांगितलेली वही ही नुसती सोय नाही, तो पुरावा आहे.

'कधी थांबायचं' राहिलं होतं. नवीन मुलाखतीत नवीन काही येईनासं झालं की थांबा, याला संपृक्तता म्हणतात. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा अभ्यास सगळे सांगतात. घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखती त्यांनी पुन्हा क्रमाने तपासल्या. एकूण १०९ संकेतांपैकी (संकेत म्हणजे बोलण्यातल्या मुद्द्याला लावलेलं नाव) ७३ टक्के पहिल्या सहा मुलाखतींत आले होते, बाराव्यापर्यंत ९२ टक्के. झालं, तेव्हापासून '१२ पुरे' हे वाक्य प्रबंधांतून फिरू लागलं. त्या बायका बऱ्याच एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या, प्रश्न ठरीव होते आणि विषय नेमका होता, हे मात्र गळून जातं. ३८४ जसा आंधळेपणाने वापरला जातो तसाच हा १२ वापरला जातो. तुमच्या ११ जणी एकाच मुकादमाच्या असतील तर संपृक्तता लवकर येणारच, आणि ती त्या मुकादमाच्या टोळीची संपृक्तता असेल.

---

मांजराकाठ | ९ जानेवारी

बाभूळबन ताई, शून्य. काल रात्री वही काढून बसले. अकराही जणी नवऱ्यासोबत जाणाऱ्या, पस्तिशीच्या आतबाहेर, आणि दहा जणी एकाच कारखान्याला जाणाऱ्या. विधवा नाही, टाकलेली नाही, तोड सोडून घरी बसलेली नाही. गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीवाल्या टोळीतली, एकही नाही, सगळ्या ट्रकवाल्या टोळीतल्या.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: एकटी बाई किंवा एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. त्याला जोडी लावून द्यावी लागते, भाऊ, दीर, मोठा मुलगा, कुणीतरी.

११ जणींकडून सारखं सारखं ऐकू येत होतं तेव्हा मला वाटलं होतं की चला, चित्र स्पष्ट होतंय.

---

सुईणबाभळी | ९ जानेवारी

मी आरोग्यसेविका, उपकेंद्रावर आहे. निवडीबद्दल मला कळत नाही, विचारण्याबद्दल थोडं लिहिते.

आमच्याकडे एकदा छापील प्रश्नावली आली होती. त्यात 'आपली गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का?' असं होतं. एक बाई सरळ 'नाही' म्हणाली. मी तिला ओळखत होते, म्हटलं, "अगं, तुझी पिशवी काढलीय ना?" तर म्हणाली, "हां, ती तर काढली की चार साल झाले." तिच्यासाठी ते पिशवी काढणं होतं. त्या दुसऱ्या शब्दाशी तिचा संबंधच नव्हता. अंगावरून पांढरं जाणं, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, प्रत्येकाला बायकांचा आपला शब्द असतो. आधी दोन-तीन दिवस नुसतं ऐका, मग प्रश्न लिहा.

वर्ष विचारू नका. कुणाला आठवत नाही आणि अंदाजाने सांगतात. "तेव्हा कुठल्या कारखान्याला होतात?" असं विचारा. हंगाम आणि कारखाना पक्का लक्षात असतो. "लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या साली का त्याच्या आधी?" म्हटलं की लगेच सांगतात. ते २०१६ चं, मिरजेहून आलेलं पाणी. तिथून मागेपुढे मोजता येतं.

गटचर्चा घेणार असाल तर कोण कुणाशेजारी बसलंय ते बघा. मुकादमाची बायको गटात असली की बाकीच्या फक्त भाकरीच्या पिठाबद्दल बोलतात.

---

टिपणवही | १० जानेवारी

वरचं वाचून समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास आठवले. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले, त्या खेड्याला त्यांनी रामपुरा नाव दिलं. अठरा वर्षं त्या टिपणांवर काम केलं आणि १९७० मध्ये स्टॅनफर्डला असताना जाळपोळीत तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून लिहिलं, ते पुस्तक १९७६ मध्ये आलं. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ते गावात राहिले ते गावच्या मुखियाच्या मालकीच्या, बैल बांधायच्या घरात. स्वतः ब्राह्मण. त्यामुळे आपल्याला दिसलेलं गाव मुख्यतः वरच्या जातींच्या बाजूने दिसलेलं आहे, हे त्यांनी मान्य केलं आहे. आपण कुठल्या ओसरीवर बसलो होतो हे लिहिणं इतकं महत्त्वाचं असतं.

कामाचं: रेकॉर्डर बंद केल्यावर जे बोललं जातं ते त्याच रात्री लिहा, झोपून उठल्यावर नाही. दुसऱ्या दिवशी आपण तिचे शब्द आपल्या भाषेत फिरवलेले असतात. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, आणि खऱ्या नावांची यादी तिसऱ्या ठिकाणी.

---

हळदुली | १० जानेवारी

संमतीपत्राचं काय करता? आमच्या एथिक्स कमिटीला सही किंवा अंगठा लागतोच.

---

बाभूळबन | १० जानेवारी

अंगठा हा इथला फार नाजूक विषय आहे. उचल घेताना कागदावर अंगठा दिलेला असतो, कधी कोऱ्या कागदावर. अनोळखी बाई कागद पुढे करून अंगठा मागायला लागली की चहाचा कपसुद्धा अर्धा राहतो.

---

शेवगा | १० जानेवारी

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाट आहे. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती निष्पक्ष साक्षीदारासमोर घेता येते, आणि एथिक्स कमिटीने मान्यता दिली तर तोंडी संमतीही चालते. अंगठ्याची भीती का आहे हे बाभूळबन यांनी लिहिलंय तसंच अर्जात लिहा. साक्षीदार मात्र मुकादमाच्या घरातला नको.

---

मांजराकाठ | २२ मार्च

धागा वर काढतेय. अडीच महिने लिहिलं नाही कारण फिरत होते.

जानेवारीअखेरीस कोल्हापूर भागात एका कारखान्याच्या हद्दीतल्या कोप्यांवर (तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर) गेले. बाभूळबन ताईंच्या सांगण्याप्रमाणे मुलांच्या मास्तरांकडून. पहिले तीन दिवस एकही मुलाखत झाली नाही. बायका पहाटे तीनला उठून भाकरी थापतात, उजाडायच्या आत फडात. तिथे त्यांना थांबवून प्रश्न विचारणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. मग मी मोळ्या बांधायला बसले. मला धड जमत नव्हतं, वाढ्याने हात कापले, पण हात चालू असताना बोलणं चालू झालं. चौथ्या दिवशी कारखान्यात बिघाड झाला, तोड थांबली आणि एका दुपारी दोन मुलाखती झाल्या.

त्यांतली एक अर्धा कोयता. नवरा वारून सहा वर्षं झाली, दिरासोबत जोडी लावून येते. पिशवीचा त्रास तिला तीन हंगामांपासून आहे. मी विचारलं, ऑपरेशनचं कोण ठरवणार? म्हणाली, "माझं दुखणं माझ्या एकटीचं कुठंय? मी पडले की त्याचा कोयता बी पडला. उचल दोघांच्या नावावर."

त्या रात्री आधीच्या ११ मुलाखती पुन्हा वाचल्या. 'नवरा हो म्हणाला', 'नवरा नाही म्हणाला' या सगळ्या जागांवर मी 'नवऱ्याचा अधिकार' असा संकेत लावला होता. आता बघते तर अकरापैकी सात जणींच्या बोलण्यात त्याच्या आगेमागे उचलीचा हिशोब आहे. किती फिटली, किती राहिली, पट्टा पडायला (हंगाम संपायला) किती दिवस आहेत. तो मला ऐकू आला होता, मी टिपलाही होता, पण नवरा-बायकोत तो सुटा दिसत नव्हता. दीर आणि भावजय यांच्यात तो उघडा पडला. घरातल्या अधिकाराचा मुद्दा खोटा ठरला असं नाही, पण त्याच्या खाली कर्जाची जोडी आहे आणि माझ्या प्रश्नांत तिला जागाच नव्हती. मुलाखतीची सूची बदलली. कुठल्या तारखेला, कुणामुळे, ते वहीत लिहिलंय.

आता एकूण १९ जणी झाल्या. चार वेगवेगळ्या वाटांनी पोचलेल्या, तीन अर्धा कोयता, दोन गाडी सेंटरच्या, दोन तोड सोडलेल्या, एक डॉक्टरांनी सांगूनही ऑपरेशन न केलेली. पाच जणी नाही म्हणाल्या, त्यांचीही कारणं लिहिली आहेत. पुढच्या सादरीकरणात तक्ता दाखवणार आहे: कोण, कुणामुळे, आधीच्या कुठल्या प्रश्नासाठी. सरासरी, तुमची शंका मी प्रकरणात जशीच्या तशी घेतली आहे आणि तिच्याखाली हा तक्ता आहे.

एक जागा अजून रिकामी आहे. आमच्याकडच्या बऱ्याच टोळ्या बेळगाव भागातल्या कारखान्यांना जातात. तिथे दवाखाना, भाषा, सरकार सगळंच वेगळं, आणि माझ्या १९ मध्ये तिकडची एकच आहे, तीही चार वर्षांपूर्वी गेलेली. पट्टा पडायला आता थोडेच दिवस उरलेत. त्या बाजूला शाळेचं किंवा आरोग्याचं काम करणारं कुणी आहे का? मुकादमाकडून जायचं नाहीये.

---

सरासरी | २२ मार्च

तक्ता तयार झाला की इथेही टाका. 'नाही' म्हणालेल्या पाच जणींची कारणं मला सगळ्यात आधी वाचायची आहेत.

---

सुईणबाभळी | २३ मार्च

माझी मावसबहीण निपाणीकडे अंगणवाडीत आहे. तिच्या गावाजवळ अजून दोन टोळ्या आहेत, परवाच बोलणं झालं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, आजच फोन कर.